निम्मा अभ्यास मोबाइलवर होत असेल, तर पदवी दुय्यम ठरेल का?

स. न. वि. वि.

आपली कन्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. क्षयरोग, हिवताप, डेंगी या आजारांवरील व्याख्याने तिला ध्वनिचित्रफितींच्या रूपात मोबाइलवर मिळतात आणि वर्गात चर्चा व प्रात्यक्षिके तेवढी होतात. अशा शिक्षणाने पदवी दुय्यम ठरेल का, असे आपण पत्रात विचारले आहे.

पदवीची चिंता सोडावी. करोनाकाळात चीन आणि युक्रेनमध्ये शिकणाऱ्या आपल्या मुलांचा अभ्यासक्रम ऑनलाइन झाला, तेव्हा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने तो तसाच मान्य न करता, राहिलेले प्रात्यक्षिक व रुग्णालयातील शिक्षण भरून काढण्याची अट घातली, हे खरे आहे. तिथे मुले रुग्णालयापासून दूर होती. आपली कन्या रुग्णालयाच्या आवारातच शिकते आहे. परीक्षेला बसण्यासाठी व्याख्यानांना 75 टक्के आणि प्रात्यक्षिकांना 80 टक्के उपस्थिती लागते, तेवढे मात्र तिने सांभाळावे.

खरा प्रश्न असा, की व्याख्यान मोबाइलवर गेल्यामुळे जो तास मोकळा झाला, त्याचे महाविद्यालय काय करते? हिवतापाच्या परजीवीचे जीवनचक्र चित्रफितीतून उत्तम समजते, कारण ते थांबवून, मागे नेऊन पुन्हा पाहता येते. दीडशे-दोनशे मुलांच्या वर्गात मागच्या बाकावरून ते कधीच नीट दिसत नसे (आमच्या पिढीतल्या डॉक्टरांनाही हे विचारून पाहावे). मात्र क्षयरोगाच्या थुंकीची काचपट्टी रंगवताना कार्बोल फ्यूक्सिन हा लाल रंग वाफ येईपर्यंत, पण उकळू न देता तापवायचे असते, आणि आम्लाने रंग धुताना कुठे थांबायचे हे डोळ्यांनी ठरवायचे असते. हा अंदाज दोन-चार पट्ट्या बिघडवल्याशिवाय येत नाही. म्हणूनच 2019 पासूनच्या क्षमताधारित अभ्यासक्रमात ग्राम व आम्लरोधी रंजन (जिवाणू ओळखता यावेत म्हणून ते रंगवण्याच्या दोन पद्धती), विष्ठेची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी, हातांची स्वच्छता आणि संरक्षक साधनांचा वापर ही कौशल्ये विद्यार्थ्याने स्वतः करून दाखवायची आहेत.

मोकळ्या झालेल्या तासाला मुले लहान गटांत बसून, समजा, सात दिवस ताप असलेल्या रुग्णाची माहिती घेऊन डेंगी, विषमज्वर आणि हिवताप यांतून कोणती तपासणी आधी करावी यावर वाद घालत असतील, तर ही पद्धत जुन्या व्याख्यानापेक्षा सरस आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. उलट, चित्रफीत पाठवून वर्गात तीच पुन्हा वाचून दाखवली जात असेल, किंवा तास चक्क रद्द होत असेल, तर आपली तक्रार रास्त ठरते. मग कन्येने आपल्या मार्गदर्शक शिक्षकांमार्फत विभागप्रमुखांकडे प्रात्यक्षिकांची वेळ वाढवून मागावी.

संसर्गजन्य आजारांतच पुढे जाण्याची तिची इच्छा आपण कळवली आहे. रुग्णसेवेकडे ओढा असल्यास औषधवैद्यकशास्त्रात (मेडिसिन) एमडी करून त्यापुढे संसर्गजन्य आजारांत डीएम ही अतिविशेष पदवी, आणि प्रयोगशाळा आवडत असल्यास सूक्ष्मजीवशास्त्रात एमडी, असे दोन मार्ग आहेत. साथींचा सामाजिक अंगाने विचार करायचा असेल, तर जनऔषधवैद्यकशास्त्र आहेच. दुसऱ्या वर्षातच निवड करण्याची निकड नाही.

पुढच्या सुटीत ती घरी आली की मोबाइलबद्दल न बोलता, स्वतःच्या हाताने किती काचपट्ट्या रंगवल्या, एवढे तिला विचारावे. आकडा ऐकून समाधान झाले नाही, तर मला पुन्हा लिहावे.