थेक्कडीला जाताना कंबमच्या द्राक्षबागा बघता येतील का? कोणत्या महिन्यात?

येतील, आणि जवळपास वर्षभर. आपल्याकडे एप्रिलात वेलीच्या वाढीसाठी खरड छाटणी, ऑक्टोबरात फळासाठी गोडी छाटणी आणि पीक एकदाच. तमिळनाडूच्या तेनी जिल्ह्यातल्या कंबम खोऱ्यात तसं नाही. हवामान बारा महिने फारसं बदलत नाही आणि तिथला मस्कत हॅम्बर्ग वाण, बाजारातली 'पन्नीर' द्राक्षं, प्रत्येक छाटणीला घड धरतो. छाटणीपासून तोडणीला साधारण चार महिने लागतात. बागा मागेपुढे छाटतात, म्हणून एकीकडे फुलोरा आणि बांधापलीकडे तोडणी असं हमखास दिसतं. या द्राक्षांना २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

तरी ऑक्टोबर ते डिसेंबर टाळा. ईशान्य मोसमी पावसात मण्यांना तडे जातात, डावणी हा बुरशीचा रोग येतो, गोडी कमी होते. जानेवारी ते मे उत्तम.

मदुराईच्या अरप्पालयम स्टँडवरून तेनीमार्गे कंबमच्या बस मिळतात. साडेतीन तास धरा. थेक्कडीला लागूनच्या कुमळीहून मात्र घाट उतरून जेमतेम पंचवीस किलोमीटर, त्यामुळे थेक्कडीत मुक्काम करून सकाळी खाली येणं सोयीचं. कंबम गावात बघण्यासारखं फार नाही. बागा सुरुळीपट्टीच्या रस्त्याला. तिथे काही बागा पर्यटकांसाठी खुल्या असतात आणि जागेवर विक्रीही होते. वेली मांडवावर असल्याने घड डोक्यावर लोंबतात. उंच माणसाने वाकूनच चालावं. वेलीवरचं तोडून तोंडात टाकू नका, फवारणी कधी झाली ते आपल्याला माहीत नसतं.

घेताना घडाच्या शेंड्याचा मणी धुऊन चाखा. तो सगळ्यात शेवटी पिकतो, म्हणून तो गोड तर घड गोड. द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही, 'घरी जाऊन होईल गोड' ही आशा फुकट. देठ हिरवा हवा. मणी काळपट जांभळा, रसाळ, पण बियांचा. तासगावच्या बिनबियांच्या सवयीने खाल तर पहिल्या घासाला हिरमोड होईल. साल पातळ, त्यामुळे पिशवीत कोंबलीत तर संध्याकाळपर्यंत तळाशी रस. पुठ्ठ्याच्या खोक्यात एकच थर लावा, न धुता. फ्रिजशिवाय दोन दिवसांत संपवा. पुण्या-मुंबईपर्यंत न्यायच्या फंदात पडू नका.

त्याच रस्त्याने पुढे सुरुळी धबधबा आहे. पाणी वाढलं किंवा हत्ती आले की वनखातं तिथे अंघोळ बंद करतं, तेव्हा टॉवेल घेऊन निघण्याआधी कंबम स्टँडवरच विचारून घ्या.