ट्रॅमाडॉल सोडायचंय, पण फिजिओथेरपीचा उपयोग होत नाही: क्रम कुठे चुकतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कंबरदुखीला 14 महिने झाले, एक्स-रे आणि एमआरआयमध्ये वयोमानाच्या झिजेपलीकडे काही नाही, ट्रॅमाडॉल 50 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा वर्षभर चालू आहे, फिजिओथेरपीला दहा वेळा जाऊन फरक पडला नाही, तर सोमवारपासून गोळ्या बंद करून व्यायामावर राहू का?

सोमवारपासून नको. व्यायामाने गोळी सुटू शकते, पण आधी व्यायाम बसवायचा आणि मग गोळी उतरवायची.

त्या दहा वेळांत काय झालं, ते तुम्हीच लिहिलंय: शेक, अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींचा उपचार), आयएफटी (विजेचा सौम्य प्रवाह देणारं मशीन), ट्रॅक्शन (कंबर ताणणं). म्हणजे तुम्ही पालथे पडून आणि काम मशीनचं. ब्रिटनच्या 'नाइस'ने (उपचारांच्या सूचना ठरवणारी सरकारी संस्था) 2016 सालीच कंबरदुखीसाठी अल्ट्रासाउंड, टेन्स (हेही विजेच्या प्रवाहाचंच मशीन), आयएफटी, ट्रॅक्शन देऊ नये असं सांगितलंय. शेकाने तासभर बरं वाटतं हे खरं, पण त्यासाठी कुठे जायची गरज नाही. तेव्हा फिजिओथेरपी करून पाहिली असं म्हणू नका, ती अजून सुरूच व्हायची आहे.

आता गोळी. ट्रॅमाडॉल हे ओपिऑइड, म्हणजे अफूच्या वर्गातलं वेदनाशामक. रोज वर्षभर घेतलेलं ओपिऑइड एकदम थांबवलं की घाम, जुलाब, बेचैनी, झोप उडणं आणि दुखणं भडकणं हे सगळं एकत्र येतं. त्या भडक्यालाच लोक 'गोळीशिवाय जमत नाही' याचा पुरावा मानतात आणि तिथेच सगळं फसतं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या 2022 च्या सूचनांनुसार वर्षभर किंवा जास्त काळ घेणाऱ्यांना महिन्याला 10 टक्के किंवा त्याहूनही सावकाश केलेली घट जास्त सोसते. तुमच्या 150 मिलिग्रॅमचे 10 टक्के म्हणजे 15. हे 50 च्या कॅप्सूलमध्ये बसत नाही, म्हणून डॉक्टरांना थेंब किंवा कमी ताकदीच्या गोळीबद्दल विचारा. हळूहळू, जास्त वेळ काम करणारी गोळी असेल तर ती घरी तोडायची किंवा चुरायची नाही, सगळा डोस एकदम अंगात जातो. नैराश्याची गोळी चालू असेल तर तेही सांगा. ट्रॅमाडॉलबरोबर झटके येण्याचा आणि सेरोटोनिन (मेंदूतलं एक रसायन) प्रमाणाबाहेर वाढण्याचा धोका असतो.

पहिले सहा आठवडे डोस आहे तेवढाच ठेवा आणि व्यायाम बसवा. चालण्यापासून सुरुवात करा. तीन दिवस नुसतं मोजा: किती मिनिटांनी दुखणं नेहमीपेक्षा दोन आकड्यांनी (0 ते 10 मध्ये) चढतं? समजा 12, 9 आणि 15 आलं, तर सरासरी 12, त्याचे 80 टक्के म्हणजे साधारण 10 मिनिटं. दिवसातून दोनदा एवढंच. दर आठवड्याला एक मिनिट वाढवा. छान वाटतंय म्हणून 40 मिनिटं चालायचं आणि मग तीन दिवस आडवं व्हायचं, ही सगळ्यात नेहमीची चूक. चांगल्या दिवशी जास्त नाही, वाईट दिवशी शून्य नाही.

ताकदीसाठी आठवड्यातून तीन दिवस, मधे एक दिवस सोडून. ब्रिज: उताणे झोपून, गुडघे दुमडून, नितंब उचला; 8 वेळा, दोन फेऱ्या. मांडीच्या मागे गोळा येत असेल तर पाय नितंबांजवळ आणा. बर्ड-डॉग: हात आणि गुडघे जमिनीला टेकून ओणवे होऊन उजवा हात आणि डावा पाय पसरा, 8 सेकंद धरा, मग बाजू बदला. पाय कमरेपेक्षा वर गेला की कंबर आत वाकते आणि व्यायाम वाया जातो. तिसरा व्यायाम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: खुब्यातून वाकणं. पाठीवर उभी काठी धरा. डोकं, खांद्यांच्या मधला भाग आणि माकडहाड तिन्ही तिला टेकलेली ठेवून पुढे झुका. एक जरी सुटलं तरी तिथेच थांबा. हे जमलं की हातात 3 ते 5 किलो घ्या. रोजचं उचलणं-वाकणं यातूनच सोपं होतं.

करताना दुखणं 10 पैकी 4–5 पर्यंत गेलं तरी चालेल, दुसऱ्या सकाळी नेहमीच्या पातळीवर आलं पाहिजे. नाही आलं तर पुढच्या वेळी एक तृतीयांश कमी करा. जुन्या दुखण्यात मज्जासंस्था हळवी झालेली असते. दुखलं म्हणजे काही मोडलं असं नाही.

प्रगती वहीत लिहा, पण आकड्यावर भिस्त ठेवू नका. किती वेळ बसता आलं, किती जिने चढलात, हे आधी सुधारतं. दुखण्याचा आकडा बहुधा मागून येतो. 8 ते 12 आठवड्यांआधी निकाल लावू नका.

लघवी अडणं किंवा कळत नसणं, जांघेत बधिरपणा, पाऊल लुळं पडणं यांतलं काही दिसलं तर व्यायाम सोडून त्याच दिवशी इस्पितळ गाठा. ताप किंवा कारणाशिवाय वजन घटणं असेल तर आधी डॉक्टर.

आणि डोस उतरत असताना दुखणं उफाळलं, तर चालणं निम्म्यावर आणा, घट त्या टप्प्यावर थांबवा आणि डॉक्टरांना कळवा. जादा गोळी स्वतःहून घेऊ नका.