बोडीच्या गावात समुद्राचं शेवाळ?

प्रश्न (भंडारा जिल्हा): सर, मी बीएस्सी झालो, घरची बोडी (लहान तळं) आहे, विहिरीले पाणी आहे. आंध्रातल्या कोळंबी हॅचऱ्यांना (पिल्लं तयार करणाऱ्या केंद्रांना) किटोसेरॉस नावाचं जिवंत शेवाळ लागते असं व्हिडिओत पाहून राहिलो. आपल्याकडं ऊन भरपूर, टाक्या बांधून इथंच वाढवलं अन् कॅन भरून पाठवलं तर जमेल का? बाबा म्हणते आधी कोणाले तरी विचार.

उत्तर: भाऊ, विचारलंत ते फार बरं केलं, टाक्या बांधू नका. कोळंबीचं पिल्लू अंड्यातून निघालं की पहिले दीडेक दिवस काहीच खात नाही, अंगातल्या बलकावर जगतं, त्याला नॉप्लियस म्हणतात, मग ते झोइया होतं आणि तेव्हा त्याला पाण्यात तरंगणारं शेवाळ लागतंच, एका मिलीत लाखभर पेशी, तेही ताजं. म्हणून हॅचरीवाले ते स्वतःच वाढवतात, टेस्टट्यूबमधून फ्लास्क, फ्लास्कमधून टाकी, आणि वाढ जोरात असतानाच पिल्लांना देतात, एकदा जोर ओसरला की पेशी तळाला बसतात अन् पाणी खराब होतं. तुमचा कॅन नागपूर ओलांडून समुद्रकाठी जाईपर्यंत उन्हानं त्यातलं काय उरणार? या शेवाळाला खारं पाणी लागतं, कवचासाठी सिलिकेट लागतं, अन् 25 ते 30 डिग्रीच्या आसपास ते खूश असतं. आपला मे महिना 45 चा. म्हणजे एसी खोली, ट्यूबलाइट, मीठ सगळं विकत, अन् हॅचरीवाल्यांना समुद्र दाराशी.

पण शेवाळाचं हे डोकं बोडीत नक्की वापरा, मला मनापासून वाटतं की तुमचा धंदा तिथंच आहे. पावसाळ्यात रोहू-कटल्याचं जिरं (अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं) आणून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, करून विकायची. जिऱ्यालाही सुरुवातीला जिवंत खाद्यच लागतं, फक्त इथं शेवाळ खाऊन रोटिफर अन् मोइना हे पाण्यातले बारीक जीव वाढतात आणि जिरं त्यांना खातं. आधी बोडीतले जंगली मासे काढा, शेण टाका, पाणी हिरवं झालं की प्लवंगाच्या (पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांच्या) जाळीतून 50 लिटर पाणी गाळा, जाळीच्या नळीत 1 ते 2 मिली असे जीव बसले तर जिरं सोडायला हरकत नाही, त्याआधी मोठे पाणकिडे बारीक जाळीनं काढाच, नाहीतर ते जिरं फस्त करतात. आणि पाणी गर्द हिरवं होऊन पहाटे पिल्लं वर तोंड काढायला लागली तर शेण लगेच बंद, ताजं पाणी सोडा.