प्रश्न वाचकांचे : प्रौढ वयात कोरियन भाषा आणि तिची लिपी

परभाषा शिकणाऱ्या वाचकांकडून आम्ही प्रश्न मागवले होते. वडोदऱ्याहून आलेल्या पत्रांत कोरियन भाषेविषयीची पत्रे इतकी निघाली की, या वेळचे संपूर्ण सदर त्यांनाच दिले आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत. या पानांवरील कोरियन शब्द देवनागरीत छापले आहेत, ते केवळ ओळख पटावी म्हणून. उच्चार शिकण्यासाठी त्यांचा आधार घेऊ नये. त्याचे कारण दुसऱ्या उत्तरात येईल.

प्रश्न : माझे वय ६३ असून मी बँकेतून निवृत्त झाले आहे. नातीबरोबर कोरियन मालिका पाहता पाहता भाषा शिकावीशी वाटू लागली, परंतु ती लिपी मला चित्रांसारखी दिसते. या वयात ती डोक्यात शिरेल का?
(एक वाचिका, दांडिया बाजार)

उत्तर : आपल्याला चित्रांसारखी दिसणारी ही लिपी प्रत्यक्षात वर्णमाला आहे. कर्ता आणि काळ दोन्ही निश्चित ठाऊक आहेत अशा लिप्या जगात थोड्या, आणि हंगुल ही त्यांपैकी एक. जोसन घराण्यातील राजा सेजोंग याने ती १४४३ मध्ये सिद्ध केली आणि १४४६ मध्ये जाहीर केली. तोवर कोरियात लेखन चिनी चिन्हांत चालत असे, आणि ती हजारो चिन्हे पाठ करण्याइतकी सवड सामान्य माणसाला नसल्यामुळे त्याला आपले म्हणणे कागदावर मांडताच येत नसे. राजाने आपल्या प्रस्तावनेत नेमके हेच कारण दिले आहे. लिपीसोबतच तिचे स्पष्टीकरण करणारा ग्रंथ तयार झाला. त्याची प्रत १९४० मध्ये उजेडात आली आणि १९९७ मध्ये युनेस्कोने जागतिक स्मृतिठेव्यांत तिची नोंद केली. त्या ग्रंथाच्या उपसंहारात जोंग इन-जी हा विद्वान म्हणतो की, शहाणा माणूस ही अक्षरे सकाळ सरण्यापूर्वी शिकेल आणि मंदबुद्धीचा दहा दिवसांत. यात दरबारी अतिशयोक्ती थोडी असेल, पण फार नाही.

मूळ वर्ण २८ होते. आज मूलभूत वर्ण २४ आहेत, म्हणजे १४ व्यंजने आणि १० स्वर. दुहेरी व्यंजने व संयुक्त स्वर धरले, तर संख्या ४० होते. मुख्य व्यंजनांचे आकार उच्चाराच्या वेळी जीभ, ओठ आणि घसा यांची जी स्थिती होते तिच्यावरून घेतलेले आहेत. आडवी रेघ काढून तिच्या उजव्या टोकापासून खाली वळवली की कंठ्य वर्ण होतो, कारण त्या वेळी जिभेचे मूळ वर उचलून घसा अडवते. खाली येऊन उजवीकडे वळणारी रेघ म्हणजे ‘न’, कारण जिभेचे टोक वर टेकलेले असते. ‘म’ हा मुखाचा चौकोन, ‘स’ हा दाताचा आकार आणि वर्तुळ म्हणजे घसा. उच्चारात जोर वाढला की आकारात एक रेघ वाढते, त्यामुळे कंठ्य वर्णाच्या पोटात एक आडवी रेघ घातली की त्याचा महाप्राण तयार होतो. कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य अशी विभागणी शाळेत पाठ केलेल्या मराठी वाचकाला ही मांडणी परकी वाटू नये. सेजोंगच्या विद्वानांना ध्वनिविचार चिनी ग्रंथांतून मिळाला होता, आणि त्या चिनी परंपरेवर बौद्धांच्या मार्गाने गेलेल्या भारतीय वर्णविचाराचा प्रभाव होता.

स्वर त्याहून सोपे आहेत. उभी रेघ म्हणजे माणूस, आडवी म्हणजे पृथ्वी, आणि मूळचा ठिपका म्हणजे आकाश, जो आता आखूड रेघ झाला आहे. उभ्या रेघेच्या उजवीकडे आखूड रेघ काढली की ‘आ’, आडव्या रेघेच्या वर काढली की ‘ओ’ आणि खाली काढली की ‘ऊ’. आखूड रेघा दोन झाल्या की त्या स्वराआधी ‘य’ येतो. हे वर्ण रोमन लिपीप्रमाणे एका ओळीत न मांडता एकेका अवयवाचा, म्हणजे एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या ध्वनिगटाचा, चौकोन करून लिहितात. उभा स्वर व्यंजनाच्या उजवीकडे, आडवा स्वर त्याच्या खाली आणि शेवटचे व्यंजन असल्यास ते तळाशी. काना, मात्रा आणि उकार व्यंजनाच्या चारी बाजूंना लावण्याची सवय असलेल्याला हे सांगावेही लागत नाही, आणि व्यंजन-स्वरांचा तक्ता तर आपल्या बाराखडीप्रमाणेच घोकता येतो.

वयाविषयी सांगायचे, तर वडोदऱ्यात राहणाऱ्या मराठी माणसाने दुकानांच्या पाट्या आणि बँकेतील अर्ज वाचता वाचता शिरोरेषा नसलेली गुजराती लिपी आपलीशी केलेलीच असते. गुजराती ही देवनागरीची जवळची नातलग आणि हंगुल तशी नाही, हे खरे. परंतु हंगुलचे आकार थोडे आहेत आणि त्यांना कारण आहे. रोज अर्धा तास दिलात, तर दोन-तीन आठवड्यांत आपण अडखळत का होईना वाचू लागाल.

मात्र वाचता येणे म्हणजे समजणे नव्हे, आणि बहुतेक प्रौढ विद्यार्थ्यांचा उत्साह याच टप्प्यावर मावळतो. अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकाला कोरियनसाठी सुमारे २,२०० वर्गतास लागतात असे धरते. मराठी भाषकाला काही सवलत आहे. क्रियापद शेवटी येते, विभक्तीसारखे प्रत्यय नामाच्या मागे लागतात आणि ‘मी शाळेत जाते’ या वाक्याचे शब्द त्याच क्रमाने कोरियनमध्ये जातात. शिवाय लिंगभेद नाही! तरीही ही वर्षांची कामगिरी आहे, आठवड्यांची नव्हे.

प्रश्न : मी व्हिडिओ पाहून शिकतो आणि सर्व शब्द वहीत देवनागरीत उतरवतो. तरीही शिक्षिका म्हणतात की माझे क, ख, ग सगळे चुकतात. ‘किम’ योग्य की ‘गिम’?
(एक वाचक, मांजलपूर)

उत्तर : ती वही बंद करून ठेवावी, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. देवनागरी उच्चारानुसारी लिपी असल्यामुळे तिच्यात जगातील कोणताही ध्वनी मावतो, असा आपला एक गोड समज आहे. कोरियनपुढे तो टिकत नाही. मराठीत घोष-अघोष आणि अल्पप्राण-महाप्राण असे दोन भेद मिळून क, ख, ग, घ हे चार वर्ण होतात. कोरियनमध्ये त्या जागी तीन वर्ण आहेत आणि ते वेगळ्या कसोटीवर वेगळे होतात : साधा, महाप्राण आणि ताठर.

साधा वर्ण शब्दाच्या आरंभी ‘क’ आणि ‘ख’ यांच्या मधला ऐकू येतो, आणि तोच दोन स्वरांमध्ये आला की ‘ग’ होतो. म्हणून मांस या अर्थाच्या शब्दात एकच वर्ण दोनदा असूनही तो आपल्या कानाला ‘कोगी’ असा लागतो. ‘किम’ आणि ‘गिम’ यांतला वाद त्यामुळे निरर्थक आहे, कारण तो आपल्या लिपीचा आहे, त्यांच्या भाषेचा नाही. महाप्राण वर्ण आपल्या ‘ख’च्या जवळचा. ताठर वर्ण घसा आवळून, श्वास न सोडता उच्चारतात, आणि आपला स्वच्छ ‘क’ त्याच्या पुष्कळ जवळ जातो. ओष्ठ्य वर्णांच्या जागी साध्या वर्णाने ‘आग’, महाप्राणाने ‘गवत’ आणि ताठराने ‘शिंग’ असा अर्थ होतो, बाकी शब्द तोच. आजच्या सोलमधील बोलीत साधा आणि महाप्राण यांतील फरक श्वासापेक्षा स्वराच्या उंचीवरून अधिक कळतो. साध्या वर्णानंतरचा स्वर खालच्या पट्टीत, महाप्राणानंतरचा वरच्या. त्यामुळे शब्द ऐकून त्याच पट्टीत म्हणण्याचा सराव करावा. वडोदऱ्यात गाणे शिकलेल्यांची वाण नाही, आणि अशा कानाला हे लवकर साधते.

दोन किरकोळ सूचना. कोरियन ‘ज’ हा ‘जीवन’मधला आहे, ‘जग’मधला नव्हे. आणि ‘उ’सारखा वाटणारा एक स्वर ओठ ‘ई’प्रमाणे फाकवून म्हणायचा असतो. मराठीत तो नाही, म्हणून आरशापुढे उभे राहण्यास संकोच करू नये.

प्रश्न : लिहिलेले एक आणि वाचलेले दुसरे, असे कोरियनमध्ये वारंवार घडते. वर्गात हे अपवाद म्हणून पाठ करायला सांगतात. खरोखर इतके अपवाद आहेत का?
(एक विद्यार्थिनी, प्रतापगंज)

उत्तर : हे अपवाद नाहीत, संधी आहेत, आणि त्यांचे नियम आपण शाळेतच शिकला आहात. वाक् + मय = वाङ्मय, जगत् + नाथ = जगन्नाथ, अप् + मय = अम्मय. अनुनासिकापूर्वी आलेले स्पर्श व्यंजन आपल्याच वर्गातील अनुनासिक होते. कोरियनमध्ये हाच नियम जसाच्या तसा आहे. रस्सा या अर्थाचा शब्द ‘गुक’ आणि ‘मुल’ असा लिहितात आणि ‘गुङ्मुल’ असा म्हणतात. ‘सिप’ म्हणजे दहा, ‘मान’ म्हणजे दहा हजार, आणि दोन्ही मिळून उच्चार ‘सिम्मान’, म्हणजे आपला एक लाख. (मोठ्या संख्या कोरियन माणूस दहा हजारांच्या पटीत मोजतो. लाख म्हणजे दहा मान आणि कोटी म्हणजे हजार मान, हे हिशेबी मंडळींनी आधीच मनाशी बसवून घ्यावे.) औपचारिक वाक्याच्या शेवटी येणारे ‘-म्निदा’ हेही लेखनात ‘प’ राखून असते. तत् + लीन = तल्लीन याची आठवण देणारी जोडीही आहे : प्राचीन राज्याचे नाव लेखनात ‘सिन’ आणि ‘रा’, उच्चारात ‘सिल्ला’.

फरक आहे तो लेखनाच्या धोरणात. संस्कृतात संधी झाला की अक्षर बदलते, तर कोरियनमध्ये १९३३ साली ठरलेल्या लेखननियमांपासून शब्दाचे मूळ रूप जपून लिहितात आणि संधी वाचणाऱ्याच्या तोंडावर सोपवतात. सुरुवातीला हे जाचक वाटते. पुढे शब्दसंग्रह वाढला की याच धोरणाचा उपकार कळतो, कारण अनोळखी शब्दाचे मूळ डोळ्यांना लगेच दिसते. अवयवाच्या शेवटी लिहिलेल्या व्यंजनांचे उच्चार मात्र सातच होतात, एवढे नव्याने शिकावे लागेल. आपण मराठी व्याकरणाचे जुने पुस्तक काढून अनुनासिक संधीचे पान पुन्हा वाचावे. इंग्रजीतून लिहिलेल्या पाठ्यपुस्तकांत याच विषयावर पानेच्या पाने खर्च झालेली असतात.

प्रश्न : माझ्या कार्यालयात कोरियन अभियंते येतात. मालिकांतून शिकलेले वाक्य एका ज्येष्ठ गृहस्थांना बोललो, तर ते नुसते हसले. काय बिघडले असावे?
(एक वाचक, कारेलीबाग)

उत्तर : बहुधा आपण त्यांना ‘अरे-तुरे’ केले. मालिकांतील मित्र, प्रेमिक आणि भावंडे ज्या पातळीवर बोलतात ती जवळच्यांसाठीची आहे. नुसते ‘आन्न्योंग’ मित्राला चालते, पण ज्येष्ठाला ‘आन्न्योंग-हासेयो’ म्हणावे लागते. आरंभी ‘-यो’ने संपणारी रूपे शिकावीत, त्यानंतर ‘-म्निदा’ची औपचारिक रूपे, आणि जवळिकीची पातळी सर्वांत शेवटी. मालिका पाहणाऱ्यांचा क्रम नेमका उलटा होतो.

या व्यवस्थेत दोन गोष्टी वेगळ्या ठेवलेल्या असतात. ज्याच्याविषयी बोलतो त्याचा आदर क्रियापदाच्या मध्ये, आणि ज्याच्याशी बोलतो त्याचा आदर क्रियापदाच्या शेवटी. ‘अगं, आजोबा आले का?’ या वाक्यात मैत्रिणीला ‘अगं’ आणि आजोबांना ‘आले’ असे आपण सहज म्हणतो, तीच ही विभागणी. ‘तुम्ही’साठी एकच शब्द शोधू नये. कोशात सापडणारा ‘दांगशिन’ वरिष्ठांना उद्देशून वापरल्यास उद्धट ठरतो. पदनामानंतर ‘निम’ जोडावे, बरोबरीच्या सहकाऱ्याच्या नावानंतर ‘स्सी’. नात्यांचे शब्द बोलणाऱ्यावरून बदलतात. थोरल्या भावाला बहीण ‘ओप्पा’ म्हणते आणि भाऊ ‘ह्योंग’, त्यामुळे ‘ओप्पा’ हा शब्द आपल्या उपयोगाचा नाही. खानावळीत वाढणाऱ्या बाईंना मात्र तिकडेही मावशी, म्हणजे ‘इमो’, अशी हाक ऐकू येते.

प्रश्न : ‘आप्पा’, ‘ओम्मा’ हे शब्द ऐकून वाटते की, कोरियन भाषा तमिळच्या कुळातली असावी. हे खरे आहे का?
(एक वाचक, रावपुरा)

उत्तर : नाही. आई-बापांसाठी ओठांनी उच्चारायचे शब्द परस्परांशी संबंध नसलेल्या अनेक भाषांत सारखे आढळतात, आणि क्रियापद शेवटी येणे हाही कुळाचा पुरावा होत नाही. कोरियन आणि जेजू बेटावरील तिची बहीण यांचे स्वतंत्र कूळ मानले जाते. उसने घेतलेले शब्द चिनीतून आले आहेत आणि ते फार आहेत. आपल्या ‘विद्यालय’, ‘विद्यार्थी’, ‘विद्यापीठ’ यांप्रमाणे तिथे ‘हाक’ या घटकावरून शाळा, विद्यार्थी आणि विद्यापीठ यांचे शब्द बनतात. असे घटक ओळखत गेल्यास पाठांतर पुष्कळ कमी होते.

प्रश्न : मुलगी अकरावीत आहे. आम्ही दोघी मिळून कोरियनची परीक्षा द्यावी असे ठरवत आहोत. कोणती द्यावी? आणि वर्ग कसा निवडावा?
(एक वाचिका, अलकापुरी)

उत्तर : अधिकृत परीक्षा ‘टोपिक’ ही आहे. तिला वयाची अट नाही. तिचे दोन प्रकार आहेत. पहिल्या परीक्षेत ऐकणे आणि वाचणे मिळून २०० गुण असतात. ८० गुणांना पहिली पातळी आणि १४० गुणांना दुसरी. दुसऱ्या परीक्षेत लेखनाची भर पडून ३०० गुण होतात आणि तिसरी ते सहावी पातळी मिळते. निकाल दोन वर्षे ग्राह्य असतो. म्हणून मुलीला कोरियात शिकायला जायचे असेल, तर फार आधी परीक्षा देऊन उपयोग नाही. पहिल्या दोन पातळ्यांवर नोकरी मिळते असे सांगणाऱ्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नये. आपल्याला स्वतःला केवळ आवड म्हणून शिकायचे असेल, तर परीक्षेवाचून काही अडत नाही, परंतु तारीख ठरली की अभ्यास होतो, हेही खरे.

वर्गाच्या बाबतीत शुल्काआधी दोन गोष्टी विचाराव्यात : पहिल्या महिन्यानंतरही फळ्यावर रोमन लिपी असते का, आणि प्रत्येकाचा उच्चार स्वतंत्रपणे तपासला जातो का. पहिल्याचे उत्तर ‘हो’ किंवा दुसऱ्याचे ‘नाही’ असल्यास दुसरा वर्ग पाहावा. गावात मनासारखा वर्ग न मिळाल्यास २०१२ मध्ये स्थापन झालेल्या किंग सेजोंग इन्स्टिट्यूट फाउंडेशनचे ऑनलाइन विनामूल्य पाठ आहेत. आरंभासाठी ते पुरेसे आहेत. मोबाइलमध्ये कोरियन कळफलक आजच बसवून घ्यावा. त्यात व्यंजने डावीकडे आणि स्वर उजवीकडे असतात, आणि चौकोन तो आपोआप जुळवतो. मायलेकींनी एकमेकींना रोजचे निरोप त्यातूनच पाठवावेत.