पित्तनलिकेतील खडा आणि हायटस हर्निया : आधी काय?

प्रश्न : माझ्या आईचे वय ६१ आहे. अनेक वर्षे तिच्या छातीत जळजळ होते आणि आडवे पडले की आंबट पाणी घशाशी येते. गेल्या महिन्यात उजव्या बरगडीखाली कळ आली, डोळे पिवळे झाले. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे आणि पित्तनलिका ११ मिलिमीटर फुगलेली दिसली, तर एंडोस्कोपीत हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणे) निघाला. एक सर्जन दोन्ही ऑपरेशने एकदम करू म्हणतात, दुसरे हर्नियाला हात लावू नका म्हणतात. काय करावे?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आईंच्या दुखण्यात तातडी आहे ती पित्तनलिकेची. ही नलिका एरवी ६-७ मिलिमीटरची असते. वयाबरोबर ती थोडी रुंदावते, मात्र ११ मिलिमीटर आणि जोडीला कावीळ, म्हणजे आत खडा अडकल्याची शक्यता मोठी. एमआरसीपीत, म्हणजे पित्तनलिकेच्या एमआरआय तपासणीत, ते स्पष्ट होईल. क्वचित हा फुगवटा जन्मजात असतो. तसे निघाल्यास पुढे कर्करोगाचा धोका राहत असल्याने तो भाग काढून नलिका आतड्याला जोडावी लागते. खडाच असेल तर तोंडावाटे दुर्बीण घालून, म्हणजे ईआरसीपीने, तो काढतात आणि शक्यतो त्याच मुक्कामात पित्ताशयही काढतात. ईआरसीपी करणाऱ्या डॉक्टरांना हर्नियाची आगाऊ कल्पना द्यावी, कारण जठर बरेच वर सरकलेले असल्यास दुर्बीण पुढे नेणे अवघड जाते.

हर्निया केवळ रिपोर्टात दिसला म्हणून त्याचे ऑपरेशन करायचे नसते. गोळ्यांनी जळजळ आटोक्यात राहत नसेल, घास अडकत असेल, रक्त कमी होत असेल किंवा जठराचा मोठा भाग छातीत गेला असेल, तरच तो विचार करावा, आणि त्याआधी अन्ननलिकेची मॅनोमेट्री, म्हणजे तिच्या आकुंचनाचा दाब मोजणारी तपासणी, करून घ्यावी. दोन्ही ऑपरेशने एकाच भुलीत होऊ शकतात, पोटावरची काही छिद्रेही सामाईक वापरता येतात. परंतु नलिका मोकळी होऊन कावीळ आणि ताप ओसरल्यानंतरच. जंतुसंसर्ग असताना हर्नियासाठी जाळी बसवणे मला धोक्याचे वाटते.

पित्ताशय काढल्यावर जळजळही थांबेल, अशी अनेक कुटुंबांची समजूत असते. ती खरी नाही. हर्नियाच्या ऑपरेशनात जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळतात, त्यामुळे काही आठवडे भाकरीचा कोरडा घास किंवा मटणाचा तुकडा तिथे अडकतो. तोवर मऊ भात, पेज, गाळलेले सूप यांवरच भागवावे; तांबड्या रश्श्याचा आग्रह नातेवाइकांनी आवरावा.

यादरम्यान थंडी वाजून ताप आला आणि डोळे पुन्हा पिवळे दिसले, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच रात्री आईंना दवाखान्यात दाखल करावे.