इनस्क्रिप्ट शिकताय? आधी ‘डी’ची कळ ओळखा

इनस्क्रिप्ट म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची कळफलकाची प्रमाण मांडणी. कळफलकावर स्टिकर चिकटवू नका, नजर खालीच राहते. मांडणीचे चित्र पडद्याशेजारी लावा आणि ‘एफ’ व ‘जे’वरच्या उंचवट्यांवर तर्जनी ठेवून सुरुवात करा. डावा हात मुख्यतः स्वर-मात्रांचा, उजवा व्यंजनांचा. ‘के’वर क, शिफ्टसह ख. ‘डी’वर हलन्त (अक्षराचा पाय मोडणारे चिन्ह), शिफ्टसह अ.

सगळे अडते ते जोडाक्षरांत. हलन्त दोन व्यंजनांच्या मध्ये येतो: स्थ म्हणजे स, हलन्त, थ. रफारालाही तेच, ‘अर्क’ लिहिताना अ, र, हलन्त, क. टाइपरायटरची सवय असलेले ऱ्हस्व वेलांटी आधी देतात, मग ती ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकते किंवा मागच्या अक्षराला चिकटते. इथे उच्चाराचा क्रम पाळा, आधी क, मग वेलांटी.

‘दुसऱ्या’ मात्र नीट शिकाच. साधा र घेतला तर ‘दुसर्या’ उमटते. शिफ्ट धरून ‘जे’ दाबा, मग हलन्त, य, काना. मराठीत हा फरक सतत लागतो, आणि तो चुकलेला मजकूर वाचताना फार खटकतो.

रोज वीस मिनिटे पुरेत. वेग नंतर येईल. पहिले काही आठवडे मागे खोडावे लागणार नाही इतक्याच गतीने लिहा. विंडोजमध्ये भाषा बदलायला विंडोज कळ आणि स्पेसबार.