मुलांच्या छळाचं बिल कोण भरतं? वाचकांचे प्रश्न

प्रश्न (चेंबूर): मुलांवर अत्याचार होऊ नयेत हे सगळ्यांनाच पटतं, मग त्यात रुपये-पैशाचा हिशोब कशाला? ऐकायलाच कसंतरी वाटतं.

वाटतं, मलाही वाटतं. पण बजेट ठरतं त्या मीटिंगमध्ये कळवळ्याला कोणी पैसे देत नाही, तिथे "फायदा काय" एवढंच विचारतात. अमेरिकेत सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी २०१२ मध्ये हा हिशोब मांडला, छळ सोसलेल्या एका मुलामागे आयुष्यभराचा खर्च साधारण २ लाख १० हजार डॉलर. आपल्याला वाटणार यात पोलीस, कोर्ट, जेल हेच मोठं असेल, तर ते जेमतेम ७ हजार निघालं! १ लाख ४४ हजार निव्वळ बुडालेल्या कमाईचे, म्हणजे शिक्षण अर्धवट, नोकरी टिकत नाही, टिकली तर पगार कमी, असं करत करत गेलेले. ही रक्कम कुठल्याच बिलावर छापून येत नाही म्हणून कोणाला टोचत नाही.

प्रश्न (मुलुंड, पालक-शिक्षक संघ): समुपदेशक ठेवायचा तर फी वाढणार. बरेच पालक म्हणतात, हे वस्त्यांमधले प्रकार, आमच्या मुलांना काय गरज?

केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा २००७ चा अहवाल त्यांच्या हातात द्या. १३ राज्यं, १२ हजारांवर मुलं, त्यात शाळेत जाणारीही होती. तिघांतल्या दोघांनी मारहाण सांगितली, निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचं लैंगिक शोषण सांगितलं, आणि करणारा बऱ्याचदा ओळखीचाच. बाकी हजार-दोन हजार पोरांमागे एक समुपदेशक ठेवून फोटो काढणार असाल तर राहू द्या, त्यापेक्षा आधी वर्गशिक्षकांना नीट ट्रेनिंग द्या, स्वस्तात पडेल.

प्रश्न (गोवंडी, आरोग्य सेविका): आम्ही घरोघरी जातो त्याने छळ कमी होतो याला काही पुरावा आहे का हो?

आहे, आणि भक्कम आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा गावात १९७७ पासून डेव्हिड ओल्ड्स या संशोधकाने पहिलटकरणींच्या घरी नर्स पाठवायला सुरुवात केली, गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत. १५ वर्षांनी बघितलं तर या घरांत छळ-हेळसांडीच्या नोंदी इतरांच्या जवळपास निम्म्या. पुढे २००५ मध्ये रँड या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेने हिशोब केला, जास्त अडचणीतल्या कुटुंबांवर घातलेल्या १ डॉलरमागे ५.७० परत, फारशी अडचण नसलेल्यांवर १.२६. आपल्याकडे तोच आकडा येईल असं मी म्हणणार नाही, तिथल्या नर्सचा पगार कुठे आणि तुमचं मानधन कुठे! पण काम तेच आहे. मागे एका वस्तीत बघितलं, बाळ रडून रडून लालेलाल, आईचा हात उठायच्या बेतात, तर सेविकेने आधी बाळ स्वतःकडे घेतलं आणि विचारलं, "सकाळपासून तू काय खाल्लंस?" लेक्चर नाही, काही नाही. तिच्या रजिस्टरमध्ये वजन आणि लसींचे कॉलम होते, याला कॉलमच नव्हता.

खरी गोची तिथेच आहे. खर्च पालिकेचा, आणि बचत पंधरा-वीस वर्षांनी होणार भलत्याच खात्यात, म्हणजे गृहखात्यात, मोठ्या हॉस्पिटलात, इन्कम टॅक्समध्ये. नालेसफाईसारखंच, पाणी तुंबलं नाही म्हणून आयुक्तांचा सत्कार केलेला ऐकलाय कधी? म्हणून हा खर्च एका खात्याच्या माथी न मारता राज्याच्या तिजोरीतून वेगळा काढायला हवा असं माझं मत, नाहीतर दर वर्षी कात्री पहिली यालाच लागणार.

प्रश्न (परळ): चाळीत शेजारच्या मुलाला रोज मारतात. तक्रार केली तर संबंध बिघडणार, वर पोलीस-कोर्टाच्या फेऱ्या.

१०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा, फुकट आहे, चोवीस तास चालतो, आणि सुरू मुंबईतच झालाय, १९९६ मध्ये टिसच्या (टाटा समाजविज्ञान संस्थेच्या) प्रकल्पातून. आपलं नाव शेजाऱ्यांना कळू नये असं बोलतानाच सांगा. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर मात्र संबंधांचा विचारच नको, पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याने कळवणं बंधनकारक आहे, माहीत असून गप्प बसलं तर तोच गुन्हा.